बॅटरी सेव्हरमुळे घड्याळ मागं पडत नाही

‘बॅटरी सेव्हर चालू केला की प्रोसेसर मंदावतो, म्हणून फोनचं घड्याळ मागं पडतं, स्टॉपवॉच चुकतं, अलार्म उशिरा वाजतो. पूर्वी नव्या कॉम्प्युटरवर जुने गेम सुसाट पळायचे, ते याच कारणानं.’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. औषधांच्या वेळा फोनवर सांभाळणारी माणसंही तो खरा मानताहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

प्रोसेसर मंदावतो, हे खरं. सेव्हर बंद असतानाही त्याचा वेग सतत कमी-जास्त होत असतो. पण फोन वेळ त्यावरून मोजतच नाही. त्यासाठी क्वार्ट्झचा वेगळा स्फटिक असतो, आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. मनगटावरच्या साध्या घड्याळातही हाच आकडा असतो, कारण तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो: एक सेकंद. स्फटिकही थोडा चुकतो. दहा लाखांत वीस इतकी चूक धरली, तर दिवसाला पावणेदोन सेकंद. ती नेटवर्कवरून दुरुस्त होते. सेव्हरचा तिच्याशी संबंध नाही.

स्टॉपवॉच तर मोजत बसतच नाही. सुरू करताना ठरलेल्या वेगानं चालणाऱ्या काउंटरचा आकडा टिपतं, थांबवताना पुन्हा वाचतं आणि वजाबाकी करतं. मध्ये स्क्रीनवरचे आकडे अडखळले, तरी उत्तर तेच येतं.

जुन्या गेमचा दाखला मात्र खरा आहे, आणि तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्या काळचे कित्येक गेम थांबायचं असलं की रिकामं लूप फिरवत, म्हणजे काहीच काम न करणारी सूचना पुन्हा पुन्हा चालवत. प्रोसेसर वेगवान झाला, की लूप लवकर संपे आणि गेम हाताबाहेर जाई. कॅबिनेटवरचं ‘टर्बो’ बटण मशीनचा वेग अशा प्रोग्रामसाठी कमी करता यावा म्हणूनच होतं. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनात सीआरटी (Crt) युनिट नावाचा तयार कोड असे. तो सुरुवातीलाच ५५ मिलिसेकंदांत लूप किती वेळा फिरतं ते मोजून ५५ नं भागायचा, म्हणजे एका मिलिसेकंदाचा हिशेब मिळे. प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचले, तसा भागाकार त्यासाठी ठेवलेल्या १६ बिटांच्या जागेत मावेना. आपल्या कोडची पहिली ओळ चालण्याआधीच पडद्यावर ‘रनटाइम एरर २००’ यायचा. पण त्याच पीसीत सेकंदाला सुमारे १८.२ टिक देणारी वेगळी टायमर चिप होती. तिला विचारणारे गेम वेगवान मशीनवरही नीट चालत. चूक लूपवर विसंबण्यात होती, घड्याळ तेव्हाही बरोबरच होतं.

राहिला अलार्म. फोनच्या घड्याळ-ॲपचा अलार्म सेव्हरमध्येही वेळेवर वाजतो. पण अँड्रॉइड ६ पासून पडून राहिलेला फोन बाकीच्या ॲपना झोपवून ठेवतो आणि अधूनमधून एकदमच जागं करतो. त्यामुळे औषधाची आठवण देणारं ॲप खरंच उशिरा बोलू शकतं. अशा ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा, आणि महत्त्वाच्या गोळीसाठी घड्याळाचा साधा अलार्मही लावून ठेवा.