बटलर बिचारा निर्दोष आहे!

‘जुन्या ब्रिटिश रहस्यकथेत खुनी शेवटी बटलरच निघतो,’ असा एक विनोदी फॉरवर्ड सध्या फिरतोय. (बटलर म्हणजे श्रीमंत घरातला मुख्य नोकर.) वाचायला मजेशीर आहे, पण खरा नाही.

हा शिक्का बसण्यामागे बहुतेक जण मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट यांच्या १९३० च्या ‘द डोअर’ या कादंबरीकडे बोट दाखवतात. बाई अमेरिकन, ब्रिटिश नव्हेत. आणि ‘बटलरने केलं’ हे प्रसिद्ध वाक्य त्या कादंबरीत नाहीच! उलट त्याआधीच, १९२८ मध्ये, व्हॅन डाइन या दुसऱ्या अमेरिकन लेखकाने नियमच घातला होता: नोकराला खुनी करू नका, ती फारच सोपी पळवाट झाली.

ब्रिटिश घरातला नोकर पाहायचा तर लेखिका डोरोथी सेयर्स यांच्या कादंबऱ्यांतला बंटर पाहा. १९२३ च्या पहिल्याच कादंबरीत बाथटबमध्ये एक प्रेत सापडतं, अंगावर फक्त नाकावरचा चष्मा. हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी तर्क लढवतो, आणि बंटर कॅमेरा घेऊन बोटांचे ठसे टिपतो. (काटेकोर बोलायचं तर तो बटलर नाही, खासगी सेवक. पण फॉरवर्डवाल्यांना तेवढा फरक कुठला!)

कॉनन डॉइल यांच्या ‘मस्ग्रेव्ह रिच्युअल’ या शेरलॉक होम्सकथेतला बटलर ब्रंटन मात्र लबाड खरा. पण खजिन्याच्या मागे लागून तळघरात गुदमरून मरतो तोच.