बंड करताय? हॉल बुक झाला का?

बंड करायचंय ना? करा की, कोण अडवतंय! फक्त पणजोबांचं बंड माळ्यावरून काढून अंगात घालू नका. ते आता कुणाला होत नाही.

१८९० साली पुण्यात काही मंडळी पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहाबिस्किटांना बसली. त्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी नावं वर्तमानपत्रात आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आज तुम्ही तिथे अख्खी किटली रिचवलीत तरी फार तर कुणी विचारेल, "साखर चालते ना?"

विधवाविवाहाचंही तसंच. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये तो केला, तर मुरुडकरांनी बहिष्कार घातला. त्यांना घरात घेतील त्या घरच्यांवरसुद्धा! पुढे १९५८ साली भारतरत्न मिळालं, तेव्हा अण्णा शंभरीला आले होते. तेव्हा मोबदल्याची अपेक्षा असेल तर आधी प्रकृतीला जपा.

तुमची खरी अडचण आईबाबांची आहे. त्यांनी रजिस्टर लग्न केलं, दोन हार, पेढा, कॉफी, 'आहेर आणू नये'. आता तुम्ही बंड करणार कशाविरुद्ध? अर्थात त्यांच्याचविरुद्ध! अंतरपाट धरा, मुंडावळ्या बांधा, वर ड्रोन फिरवा. बाबांना सोवळं नेसवून कन्यादानाला बसवा. जन्मभर जानवं न घातलेला माणूस गोंधळेल, पण काळजी नको. गुरुजींच्या पिशवीत एक नवं कोरं असतंच, असल्या पुरोगामी घरांसाठी. बाबांनी तोंड उघडलं की सांगा, "माय चॉइस." बिचारे गप्प बसतील. हा शब्द त्यांनीच तर तुम्हाला शिकवला.

एक पथ्य मात्र पाळा. जोडीदार जातीतलाच बघा. मग बंडाला आजीसुद्धा पाटल्या मोडून पैसे देते. जातीबाहेर मन गेलं आणि विशेष विवाह कायद्याच्या वाटेला गेलात, तर तुमची नावं, पत्ते नोटिशीत कार्यालयाच्या फलकावर लागतात, हरकतींसाठी तीस दिवस. गोपाळरावांची जागा सरकारनेच भरून काढली आहे. आणि मामा, काका, गावचे दादा नोटिसा अगदी मन लावून वाचतात. हरकतीचा कागद घेऊनच येतील असंही नाही.

त्यापेक्षा तुम्ही हळदीची थीम ठरवा. पिवळा सगळ्यांनाच शोभत नाही, तेवढं आधी बघून घ्या.