फॉगिंगच्या गाडीला नमस्कार, अन् टॉर्चवाल्या बाईला बंद दार

आत्ता संध्याकाळी आमच्या ले-आउटमधून फॉगिंगची गाडी गेली. ढर्रर्र आवाज, पांढराफटक धूर, मागे पोट्टे पळताहेत, आणि सगळ्या घरांच्या खिडक्या धडाधड बंद. लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, "आभार भाऊ", "आता मच्छर संपले समजा". डोकंच फिरलं. व्हिडिओ टाकणारे काकाजी ज्या खिडकीतून शूट करून राहिले होते ना, त्याच खिडकीला त्यांचा पत्र्याचा कूलर लटकलाय. उन्हाळ्यापासून. पोळा झाला, मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणून हेच काकाजी घसा फोडून ओरडले, आणि कूलर जिथल्या तिथे. ताट्या काळ्या पडल्यात, टपात पावसाचं पाणी. मारबतीने काय काय न्यायचं बाप्पा?

ग्रुपवर लिहिलं तर महाभारत होईल, म्हणून इथे.

जुन्या मित्रांना माहीत आहे, माझे बाबा हिवताप खात्यात होते. १९७६ मध्ये देशात मलेरियाच्या केसेस ६४ लाखांवर गेल्या होत्या, त्याच्या थोडं नंतर ते नोकरीला लागले. खांद्यावर पिशवी, त्यात रक्त तपासायच्या काचा, टॉर्च, आणि घरोघर फिरून भिंतीवर तारीख टाकायची. रिटायर झाले तरी टॉर्च सुटला नाही. ताईचं स्थळ जमत आलं तेव्हा आम्ही मुलाचं घर पाहायला गेलो होतो. जून संपत आलेला, पाऊस एकदोनदा पडून गेलेला. पोहे झाले, सरबत झालं, देण्याघेण्याचं बोलणं सुरू झालं आणि बाबा जागेवर नाहीत. आईचा चेहरा पडला कारण तिला अंदाज आला. तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज, "अहो, जरा इकडे या, अळ्या आहेत."

होणाऱ्या व्याह्यांच्या कूलरमध्ये!!

आता फॉगिंगबद्दल. हा धूर फक्त उडणारा मच्छर मारतो, तोही थेंब अंगावर बसला तर. पाण्यातल्या अळीला त्याचं काहीही होत नाही. आणि डेंग्यूचा तो पायावर पांढरे पट्टे असलेला मच्छर रस्त्यावर फिरत नाही हो, तो तुमच्या घरात असतो, पलंगाखाली, कपाटामागे, दाराला टांगलेल्या पँटीवर. चावतो दिवसा. गाडी येते संध्याकाळी, आणि ती आली की आपण खिडक्या लावून घेतो. म्हणजे धूर बाहेर, मच्छर आत, आणि आपण ग्रुपवर आभार मानून राहिलो. बरं, साथ पेटलेली असेल, गल्लीत चारपाच केसेस निघाल्या असतील तर फॉगिंग करावं लागतं, मान्य. पण दर आठवड्याला फॉगिंग पाहिजे म्हणून निवेदनं देणारे लोक आहेत आपल्यात, सह्यांसकट.

त्या दिवशी बाबा व्याह्यांना हेच समजावत होते, तेही कूलरसमोर उकिडवे बसून. टॉर्च पाण्यावर मारला की अळ्या वळवळत खाली पळतात, मग श्वास घ्यायला परत वर येतात, ते त्यांनी सगळ्यांना दाखवलं. मुलाचे वडील लालबुंद. मुलाचा मामा म्हणाला, आमच्याकडे कधी कोणाला काही झालं नाही. बाबा म्हणाले, व्हायची वाट पाहायची का? आईने तिथेच डोळे मिटले. आणि मग बाबांनी होणाऱ्या जावयाला घासणी आणायला पाठवलं.

घासणी का, तर नुसतं पाणी ओतून भागत नाही. ही मादी अंडी पाण्यात नाही घालत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर पत्र्याला चिकटवते. पाणी सुकलं तरी ती अंडी महिनोन्महिने तशीच राहतात आणि पुढच्या वर्षी कूलर भरला की फुटतात. म्हणून टप घासायचा, उलटा करून कोरडा ठेवायचा. एवढ्या उकाड्यात अळीचा मच्छर व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं पाणी काढून सगळं सुकवायचा दिवस, आठवड्याला असतो तो याच हिशोबाने. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, गच्चीवर टाकलेला टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, सगळं त्यातच आलं.

आणि रिकामे पडलेले प्लॉट! मालक दुसऱ्या शहरात नाहीतर दुसऱ्या देशात, भाव चढायची वाट पाहून राहिलाय, आणि इकडे प्लॉटवर कमरेएवढं गवत, नारळाच्या करवंट्या, थर्माकोलच्या वाट्या, प्रत्येकात पाणी. तोच मालक सिंगापूरला फिरून येतो आणि तिथल्या स्वच्छतेचे फोटो टाकतो. अरे बाबा, तिथे घरात अळ्या सापडल्या तर घरमालकाला दंड होतो, त्याचाही टाक ना फोटो! आणि त्या वाट्या तिथे फेकल्या कोणी? सिंगापूरवाल्यांनी नाही. आपल्याच ले-आउटमधल्या वाढदिवसांच्या आहेत.

खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. याच आठवड्यात आरोग्य खात्याकडून आशा ताई आल्या होत्या, सोबत एक पोरगी, हातात टॉर्च आणि रजिस्टर. घरोघर कूलर, टाक्या, कुंड्या तपासत होत्या, भर उन्हात. आमच्या याच काकाजींनी ग्रिलमधूनच सांगितलं, "आमच्याकडे सगळं ठीक आहे, पुढे जा." शेजारच्यांनी तर बेल वाजूनही दार उघडलं नाही, आत टीव्ही चालू. समोरच्या वहिनींनी विचारलं, फवारणी नाही करणार तर मग आल्या कशाला? त्या दोघींचा कोणी व्हिडिओ काढला नाही. पाणी तरी विचारलं का कोणी? धूर सोडून निघून जाणाऱ्या गाडीला नमस्कार, आणि खरं काम करणाऱ्या बाईला बंद दार. बाबांना असं किती वेळा ऐकावं लागलं असेल याचा विचार आला आणि वाईट वाटलं. घरी येऊन त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायचे ते दुसरंच. दर २० ऑगस्टला ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस साहेबाची गोष्ट, १८९७ मध्ये सिकंदराबादला मच्छरं चिरून चिरून मायक्रोस्कोपखाली कसा बसला होता आणि शेवटी मच्छराच्या पोटात मलेरियाचा जंतू कसा सापडला ते. आम्ही पोरं कंटाळायचो.

हां, एक आहे. ज्यांच्याकडे नळ चार दिवसांनी येतो ते ड्रम भरूनच ठेवणार, त्यांना पाणी ओता म्हणायचं तोंड नाही आपल्याला. त्यांनी झाकण घट्ट बसवावं, नाहीतर फडकं बांधावं, टाकं मोठं असेल तर गप्पी मासे सोडावेत. आणि कूलरशिवाय आपल्याकडचा मे निघत नाही हेही खरंच, पंचेचाळीस डिग्रीत कोणाला ज्ञान द्यायचं? पण सप्टेंबरमध्ये कशाला पाहिजे तो भरलेला? बूच काढायला किती वेळ लागतो?

रात्री कानाशी गुणगुणणारे मच्छर वेगळे, ते गटारातले आणि सेप्टिक टँकमधले. टँकच्या वरच्या पाइपला जाळी बांधली तरी पुष्कळ कमी होतात, पन्नास रुपयांचं काम. पण आपल्याला मजा रॅकेटमध्ये. सोफ्यावर बसून टर्रर्र टर्रर्र, आणि मेलेले मोजायचे. मच्छरदाणी लावा म्हटलं तर पोरांना त्यात गुदमरतं म्हणे, आणि बंद खोलीत रात्रभर कॉइलचा धूर चालतो!

ताईच्या लग्नाचं काय झालं ते विचारणारच तुम्ही. मोडता मोडता राहिलं. मामा तर उठून चपला घालत होता. तेव्हा मुलाची आजी, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, ती काठी टेकत मागे आली, टपात वाकून पाहिलं आणि मुलाच्या वडिलांना म्हणाली, "काऊन रे, मी महिनाभरापासून सांगून राहिली का नाही, पाणी काढ म्हणून? माह्यं ऐकत नाही, आता याचं तरी ऐक." मग बाबांसाठी पाट मागवला, म्हणाली खाली नका बसू. ताई त्याच घरात सुखात आहे, आणि तिच्याकडचा कूलर पाऊस लागला की आठवडाभरात पुसून माळ्यावर जातो, आजी गेल्या तरी.

काकाजींकडे उद्या सकाळी स्वतः जाणार आहे. चहा घेईन, पाणी काढायला मदत करीन, घासणी माझी. ते चिडले तर चिडले. आशा ताई पुढच्या आठवड्यात परत येणार आहेत, आमच्या गल्लीत त्यांच्यासोबत फिरायला दोघं-तिघं मिळाले तर बरं होईल, सांगा इनबॉक्समध्ये.

आणि कमेंटमध्ये डेंग्यूवर उपाय म्हणून पपईच्या पानांचा रस लिहिणाऱ्याला ब्लॉक करणार आहे. नातेवाईक असला तरी.