सेलाडसची ती ओळ कोणी लिहिली? (पॉम्पेईवरील लेखाला आलेल्या एका प्रतिक्रियेचे उत्तर)

पॉम्पेई, म्हणजे इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेलेले इटलीतील रोमन शहर, तेथील रोजचे जगणे आणि करमणूक या विषयावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि बरीच कडक प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. उत्तराला आठ-दहा दिवस लागले, कारण आपल्या एका आक्षेपासाठी मला माझी जुनी टिपणे पुन्हा उघडावी लागली आणि त्यात मीच अडचणीत सापडलो.

आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. भिंतींवर खरडलेल्या ओळींवरून समाजाचे चित्र काढणे म्हणजे सार्वजनिक मुतारीच्या भिंती वाचून आजच्या शहराचा इतिहास लिहिणे होय. ग्लॅडिएटरांच्या (रिंगणात प्रेक्षकांसमोर हत्यारांनी लढणाऱ्यांच्या) झुंजी ‘करमणूक’ या मथळ्याखाली घालून आणि ‘प्रत्येक झुंज मृत्यूने संपत नसे’ असे लिहून मी गुलामगिरीवर पांघरूण घातले आहे. आणि तेर, भोकरदन ही महाराष्ट्रातील सातवाहनकालीन स्थळे दाराशी असताना मराठी वाचकाला इटलीत नेण्याचे कारण काय, हा आपला शेवटचा प्रश्न आहे.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण माझी चूक तिथेच आहे. मी लिहिले होते की सेलाडस नावाच्या ग्लॅडिएटरवर शहरातील तरुणी जीव टाकत असत. आधार होता भिंतीवरील ओळींचा, ज्यांत त्याला ‘मुलींचा उसासा’ आणि ‘मुलींचे भूषण’ म्हटले आहे. या ओळी पॉम्पेईवरील बहुतेक लोकप्रिय पुस्तकांत सापडतात आणि माझ्याही डोक्यात त्या तशाच बसल्या होत्या. परंतु त्या कोणत्या भिंतीवर आहेत हे मी तपासले नव्हते. ज्या घरात ग्लॅडिएटर राहत असत त्याच घराच्या आतल्या अंगणातील खांबांवर त्या खरडलेल्या आहेत. म्हणजे त्या कोण्या मुलीने नव्हे, तर बहुधा सेलाडसने स्वतः, किंवा त्याची थट्टा करणाऱ्या सोबत्यांनी लिहिल्या असाव्यात. तरुणींच्या मनात काय होते याचा पुरावा त्यांत नाही. त्यांतून दिसते ती झुंजीला निघण्यापूर्वी एका वसतिगृहात चालणारी पुरुषांची फुशारकी. या एका वाक्याबाबत आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे.

मात्र यावरून भिंतींची साक्षच टाकाऊ ठरते असे मला वाटत नाही. साक्ष घेताना ओळ कोठे आहे, कशाने लिहिली आहे आणि कोणाच्या पैशाने लिहिली आहे, हे विचारले की तीच भिंत निराळे बोलू लागते. टोकदार वस्तूने गिलाव्यावर ओरबाडलेल्या ओळी एका प्रकारच्या. रंगाने मोठ्या अक्षरांत काढलेल्या जाहिराती अगदी दुसऱ्या प्रकारच्या, कारण त्या धंदेवाईक लेखकांकडून करून घेतलेल्या असत. मुतारीची उपमा पहिल्या प्रकाराला कदाचित लागू पडेल, दुसऱ्याला नाही. डेसिमस ल्युक्रेशियस सॅट्रियस व्हॅलेन्स याने दिलेल्या खेळांची एक जाहिरात पाहा. त्याच्याकडून ग्लॅडिएटरांच्या २० जोड्या, त्याच्या मुलाकडून १० जोड्या, खेळ ८ ते १२ एप्रिल, शिवाय जनावरांची शिकार होईल आणि वर चांदवा असेल, असा मजकूर त्यात आहे. खेळ चांगले होते की वाईट हे ही जाहिरात सांगत नाही. परंतु खर्च कोण उचलतो, आपल्याबरोबर मुलाचेही नाव गावात कसे पुढे आणतो आणि उन्हापासून सावली मिळणार ही बाब प्रेक्षकांना सांगण्याजोगी होती, इतके निःसंशय सांगते. खाली लिहिणाऱ्याने आपलेही नाव टाकले आहे: एमिलियस केलेर, चांदण्यात, एकट्याने. रंगाऱ्याची ही सही मला फार आवडते, पण तिच्यावर मी कोणताही निष्कर्ष उभारलेला नाही.

खाण्यापिण्याच्या बाबतीत तर ओळींची सत्यता वस्तूंशी ताडून पाहता येते. हेडोने नावाच्या बाईच्या गुत्त्यावरील मजकूर म्हणतो की येथे एका ‘आस’ नाण्यात प्यायला मिळेल, दोन दिलेत तर अधिक चांगली, आणि चार दिलेत तर फालेर्नियन मिळेल. फालेर्नियन ही त्या काळची नावाजलेली दारू होती. चौपट किंमत मोजल्यावर पेल्यात खरोखर फालेर्नियनच पडत असे का, हे हेडोनेलाच ठाऊक. पण अशा ठिकाणी भांड्यांत काय असे, याचा शोध आता प्रयोगशाळेतून घेतला जातो. शहराच्या पाचव्या विभागात २०२० मध्ये पूर्णपणे उघड झालेल्या खानावळीच्या कट्ट्यात बसवलेल्या रांजणांत बदक, डुक्कर, शेळ्या-मेंढ्या आणि मासे यांचे अवशेष मिळाले, जमिनीवरील गोगलगायी मिळाल्या, आणि एका रांजणाच्या तळाशी दळलेला बाकला (एक कडधान्य) मिळाला. दारूचा रंग व चव सुधारण्यासाठी तो घालत असत. कट्ट्याच्या दर्शनी बाजूला दोरीने बांधलेल्या कुत्र्याचे चित्र आहे आणि त्या चित्राच्या चौकटीवर कोणीतरी निकिया नावाच्या माणसाला उद्देशून छापता न येण्याजोगी शिवी ओरबाडली आहे. आपली मुतारी येथे आली, हे कबूल. पण त्याच कट्ट्यातील हाडे त्या शिवीपेक्षा कितीतरी अधिक बोलतात, आणि माझ्या लेखातील आहाराविषयीचा परिच्छेद हाडांवरच आधारलेला होता.

पॉम्पेईबरोबर त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या शहरात दुकाने आणि भाड्याच्या खोल्या असलेल्या एका इमारतीखालचा मैलागटार खणला गेला. त्यातून शेकडो पोती वाळलेला मैला निघाला, आणि त्यात माशांचे काटे, समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्यांचे काटे, अंड्यांची टरफले, अंजिराच्या बिया मिळाल्या. वरच्या खोल्यांत धनिक राहत नव्हते. साधी माणसे काय खात असत याचा इतका सरळ पुरावा कोणत्याही लेखकाच्या ग्रंथात नाही. पॉम्पेई आज समुद्रापासून सुमारे दोन किलोमीटर आत दिसत असली तरी तेव्हा किनारा बराच जवळ होता आणि सार्नो नदीचे मुख हे तिचे बंदर होते. मासळी आंबवून केलेला ‘गारम’ हा रस तिथला मोठा धंदा होता, आणि ऑलस अम्ब्रिसियस स्कॉरस या व्यापाऱ्याने तर आपल्या घराच्या फरशीत आपल्याच मालाच्या बरण्यांची चित्रे, त्यांवरील जाहिरातीच्या मजकुरासह, जडवून घेतली होती.

आता ग्लॅडिएटरांकडे वळतो. आपला हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. ‘प्रत्येक झुंज मृत्यूने संपत नसे’ या विधानावर मी ठाम आहे. शहराच्या नुकेरिया दरवाजाबाहेरील एका थडग्यावर झुंजींची चित्रे व निकाल ओरबाडलेले आहेत. मार्कस ॲटिलियस हा नवखा; त्याने सम्राट नीरोच्या तालमीतील, १४ झुंजींचा अनुभव असलेल्या हिलारसला हरवले, आणि पुढे १२ झुंजी केलेल्या ल्युशियस रेसियस फेलिक्सलाही हरवले. दोन्ही पराभूतांच्या नावापुढे जीवदान मिळाल्याची खूण आहे. अशा नोंदींत जिंकला, सोडला, मेला यांसाठी वेगवेगळी आद्याक्षरे वापरली जात, म्हणजे हरल्यावर जिवंत सुटणे हा नोंदवण्याजोगा, नेहमीचा निकाल होता. ॲटिलियसच्या नावाच्या ठेवणीवरून तो गुलाम नसून स्वतंत्र नागरिक असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा ‘सर्व गुलामच’ हे आपले गृहीतकही जरा सैल करावे लागेल.

पण हे जीवदान दयेपोटी होते असा सूर माझ्या लेखातून निघाला असेल, तर तो दोष माझा. त्यामागचा हिशेब दुसऱ्या शतकातील रोमन विधिज्ञ गायस याने नोंदवून ठेवला आहे, आणि तो मी लेखात द्यायला हवा होता. ग्लॅडिएटर पुरवताना असा करार झाला की जो धडधाकट परत येईल त्याच्या घामापोटी २० दिनार आणि जो मरेल किंवा पंगू होईल त्याच्यापोटी १,००० दिनार, तर तो करार भाड्याचा की विक्रीचा, असा प्रश्न गायस चर्चेला घेतो. त्याचे उत्तर असे की परत आलेल्यापुरते ते भाडे, आणि मेलेल्यापुरती ती विक्री. पन्नासपट रक्कम! झुंज मृत्यूने न संपण्याचे कारण या आकड्यांत आहे, आणि माणूस म्हणजे माल होता हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणून माझे विधान आणि आपला संताप यांत मला विरोध दिसत नाही. दोहोंना एकच कागद पुरावा म्हणून चालतो. पॉम्पेईच्या मोठ्या रंगमंडलामागील खांबांचे आवार इ.स. ६२ च्या भूकंपानंतर ग्लॅडिएटरांच्या निवासासाठी वापरले गेले. तिथे नक्षीदार शिरस्त्राणे सापडली आणि पाय अडकवण्याचा लोखंडी खोडाही सापडला. लेखात मी शिरस्त्राणांचे छायाचित्र दिले आणि खोड्याचा उल्लेखही केला नाही. ही निवड चुकीची होती.

‘करमणूक’ हा शब्द मात्र मी बदलणार नाही. प्रेक्षकांच्या दृष्टीने ती करमणूकच होती, आणि तो शब्द काढला तर प्रेक्षक निर्दोष ठरतील. इ.स.पू. ७० च्या सुमारास बांधलेल्या पॉम्पेईच्या दगडी प्रेक्षागारात सुमारे २०,००० माणसे बसू शकत. शहराची लोकसंख्या बहुतेक अंदाजांनुसार याहून कमीच होती, तेव्हा आसपासच्या गावांतून लोक येत असले पाहिजेत. इ.स. ५९ मध्ये शेजारच्या नुकेरियाचे प्रेक्षक आणि पॉम्पेईकर यांच्यात शिवीगाळीवरून दगडफेक आणि दगडफेकीवरून तलवारबाजी झाली, माणसे मेली, आणि रोमच्या सेनेटने पॉम्पेईत असे खेळ भरवण्यावर दहा वर्षांची बंदी घातली. हे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिले आहे. आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेले एक भित्तिचित्र तीच मारामारी दाखवते, आणि त्यात टॅसिटसने न सांगितलेले तपशील आहेत: ताणलेला चांदवा, बाहेरची झाडे, फेरीवाल्यांच्या टपऱ्या. माणसे मारली गेली तो दिवस कोणीतरी हौसेने आपल्या घराच्या भिंतीवर काढून घेतला, ही बाब मला त्या मारामारीहून अधिक अस्वस्थ करते.

आपण सहज जाता जाता विचारले आहे की ‘काळ गोठलेले शहर’ हे वर्णन खरे आहे काय. नाही. ती लेखणीची हौस होती. इ.स. ६२ च्या भूकंपाची दुरुस्ती ७९ च्या उद्रेकापर्यंत चालूच होती, एक मोठे स्नानगृह तर अर्धवट बांधलेले होते. उद्रेकानंतर लोक परत येऊन वस्तू उकरून घेऊन गेले. १७४८ पासूनच्या सुरुवातीच्या खोदकामात नेपल्सच्या राजाच्या संग्रहासाठी भिंतींवरची चित्रे कापून नेली गेली. आणि १९४३ मध्ये अवशेषांवर बॉम्बही पडले. एखादे भांडे ज्या खोलीत मिळाले तिथेच ते वापरले जात होते असे धरून चालणे म्हणूनच धोक्याचे आहे.

राहिला तेरचा प्रश्न. पॉम्पेई आणि आपला संबंध अगदीच दूरचा नाही. १९३८ मध्ये पॉम्पेईतील एका घरात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदन येथे मिळालेल्या आहेत. मी तिला बेधडक ‘लक्ष्मी’ म्हटले होते. ते सुरुवातीच्या अभ्यासकांनी दिलेले नाव आहे. मूर्तीला वरून पाडलेले छिद्र आणि दोन्ही बाजूंच्या प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या दासी पाहता ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाया असावी, आणि स्त्री यक्षी असावी, हे मत आज अधिक पटण्याजोगे वाटते.

तरीही रोजच्या करमणुकीबद्दल लिहायचे तर तेरपेक्षा पॉम्पेई निवडण्याला कारण आहे. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीला उत्सव आणि ‘समाज’ भरवणारा म्हटले आहे. म्हणजे सातवाहनांच्या राज्यात लोकांचे मेळे आणि खेळ होत होते, आणि ते राजाच्या कीर्तीत मोडत होते. पण तिथे कोण कुठे बसत असे, सावलीचा खर्च कोण करत असे, बाहेर काय विकले जात असे, हे तो लेख सांगत नाही, कारण ते सांगणे हे त्याचे कामच नव्हते. दख्खनमधील विटा-मातीची घरे पडत, त्यांवर नवी उठत, माणसे जाताना कामाच्या वस्तू बरोबर नेत. मागे राहत ती फुटकी खापरे, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि भाजलेल्या मातीच्या मूर्ती. त्यांच्यावर लेख जरूर होईल, मात्र त्याची पद्धत निराळी असेल आणि त्यात फेरीवाले नसतील.

मूळ लेखात आज चार दुरुस्त्या केल्या आहेत. ‘काळ गोठलेले’ हे शब्द काढले, ‘लक्ष्मी’च्या जागी ‘स्त्रीमूर्ती’ केले, शिरस्त्राणाच्या छायाचित्राखाली खोड्याची आणि गायसच्या हिशेबाची माहिती जोडली. सेलाडसचे वाक्य आता असे आहे: ‘ग्लॅडिएटरांच्या निवासातील खांबांवर, बहुधा त्यांच्यापैकीच कोणीतरी, सेलाडसला मुलींचा उसासा म्हटले आहे, मुलींचे मत उपलब्ध नाही.’