संरक्षित स्मारकात रॅम्प ‘बेकायदा’ नाही

‘अजिंठा, ताजमहाल अशी संरक्षित स्मारकं दिव्यांग कायद्यातून वगळलेली आहेत, तिथे रॅम्प बांधणं हा गुन्हा आहे’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि त्यामुळे अनेक कुटुंबं सहलीचा विचारच सोडून देतात, म्हणून हा खुलासा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत सांस्कृतिक, धार्मिक आणि करमणुकीच्या जागाही येतात. संरक्षित आवारात कोणीही उठून बांधकाम करू शकत नाही, हे खरं. पण पुरातत्त्व खातं स्वतः तिथे सोय करू शकतं आणि करतंही: ताजमहाल, कुतुबमिनार इथे रॅम्प आहेत. मूळ दगडाला धक्का न लावता वर ठेवलेला, हवा तेव्हा काढता येणारा लाकडी रॅम्प हा साधा उपाय आहे. उतार मात्र 1:12 पेक्षा (म्हणजे 1 फूट उंचीला 12 फूट लांबी) तीव्र नको, नाहीतर रॅम्प नुसता नावाला.

जागतिक वारसा म्हणूनही अडत नाही. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस या प्राचीन मंदिरांच्या टेकडीच्या कड्यालगत 3 डिसेंबर 2020 ला नवी लिफ्ट सुरू झाली.

अजिंठ्याला पायऱ्या आहेत, डोली मिळते. पण दुसऱ्याच्या खांद्यावरून जाणं आणि स्वतःच्या चाकांवर जाणं यांत फार अंतर आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे (दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे) किमान नियम बंधनकारक करायला केंद्राला सांगितलं. त्यामुळे तिकीट खिडकीवर ‘रॅम्पला परवानगीच नसते’ असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागा.