ओवाळणी आधी, छाननी नंतर

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या खात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे पहिल्या दोन महिन्यांचे मिळून ३००० रुपये जमा झाले, तेव्हा परातीतली कणीक तशीच ठेवून, पदराला हात पुसून त्यांनी मला मोबाइलवरचा मेसेज दाखवला होता. त्या पैशांतून मुलाच्या क्लासची थकलेली फी भरली गेली. त्यामुळे ‘पंधराशे रुपयांत बायकांनी मते विकली’ असे कुणी म्हटले की मला संताप येतो. मतदान गुप्त असते, आणि पैसे घेऊनही आपल्या मनाचे बटण दाबणाऱ्या बायका आपल्या गल्लीत किती आहेत, हे मावशी हसत हसत सांगतात.

तरीही या योजनेने लोकशाहीचे नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात घेणारीचा दोष नाही. पैसे कधी दिले आणि पात्रता कधी तपासली, यात तो आहे.

४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला आणि राज्यातल्या ४८ पैकी अवघ्या १७ जागा राज्यातल्या सत्ताधारी महायुतीला मिळाल्या. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, २८ जूनला, अतिरिक्त अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली. वर्षाचा अंदाजित खर्च ४६,००० कोटी रुपये. पुढच्या काही आठवड्यांत पाच एकर शेतजमिनीची अट गेली, वयोमर्यादा ६० वरून ६५ झाली, पिवळे-केशरी रेशनकार्ड असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली आणि अर्जाची मुदत वाढत राहिली. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागण्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, नोव्हेंबरचाही हप्ता देऊन झाला. नंतर, जुलै २०२५ मध्ये, महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनीच सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचा लाभ स्थगित केल्याचे सांगितले. काही ठिकाणी पुरुषांनीही अर्ज केल्याचे त्यांनी नमूद केले. जी छाननी पैसे देण्यापूर्वी व्हायला हवी होती, ती मतमोजणी उरकल्यावर आठवली, एवढ्यावरून हेतू ओळखता येतो. निवडणुकीत कबूल केलेले २१०० रुपयेही मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आले नाहीत. विरोधकांनी ३००० रुपयांचे आश्वासन देऊन या प्रकाराला विरोध करण्याचा नैतिक अधिकार स्वतःच सोडला होता. फरक इतकाच, की त्यांच्या हातात आश्वासन होते आणि सत्ताधाऱ्यांच्या हातात तिजोरीची किल्ली.

याच राज्याने गरिबाला पैसा देण्याची वेगळी रीत एकदा घालून दिली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला, तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, आणि मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले. पैसा कुठून येणार हे ठरलेले होते आणि मागणाऱ्याच्या हातात कायदा होता. त्या योजनेतही घोटाळे झाले, हजेरीपटावर खोटी नावे चढली, हे मी विसरलेलो नाही. पण बांधावर माती टाकणारी बाई कुणाची बहीण म्हणून मजुरी घेत नव्हती. ओवाळणीचे तसे नसते. भाऊ देईल ते घ्यायचे, कमी पडले तरी ताटावर रुसायचे नाही. नागरिकाला बहीण म्हटले की जाब विचारण्याची सोय संपते.

एक कबुली मात्र द्यायला हवी. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. गाडी मीही चालवतो, आणि त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकानेही त्याला ‘रेवडी’ म्हटले नाही. दिल्लीत मतदान होण्याच्या चार दिवस आधी, १ फेब्रुवारी २०२५ ला, बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त करण्याची घोषणा झाली तेव्हाही आम्ही फक्त अंगठे उमटवले.

मध्यंतरी ई-केवायसी सक्तीची झाली आणि तिच्यात लाभार्थीसोबत पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला जाऊ लागला. मावशींचे वडील वारले आहेत आणि नवरा दहा वर्षांपासून नांदवत नाही. सेतू केंद्रावर अर्धा दिवस रांगेत मोडून त्या उशिरा आल्या, गॅस पेटवला आणि तव्याकडे बघत म्हणाल्या, “फॉर्म भरून घेताना नव्हता कुणी त्याचा नंबर मागितला. आता तो कुठं शोधू, दादा?”