आजपासून ग्लूटेन बंद! (रविवार सोडून)

ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं ते चिकट प्रथिन, सोडायचं ठरवलंत? अभिनंदन! आता पोटाचा घेर उतरेल, चेहऱ्यावर तेज येईल आणि मुख्य म्हणजे चारचौघांत बोलायला हक्काचा विषय मिळेल. गेल्या आठवड्यात नात्यातल्या एका वास्तुशांतीला हे सगळं ज्ञान मी आमच्या जाऊबाईंकडून भरपेट घेऊन आले आहे. त्या सध्या ग्लूटेन-फ्री असतात. रविवारी नसतात, आणि दुसऱ्याच्या घरी कार्य असेल तर तेव्हाही नसतात. त्यांच्या अनुभवाचा लाभ तुम्हालाही व्हावा म्हणून हा प्रपंच.

पहिली गोष्ट, चुकूनही रक्त तपासू नका. सीलिॲक नावाचा आजार आहे का हे बघायला टीटीजी नावाची एक तपासणी असते. तिच्यात काही निघालं तर पोटात दुर्बीण घालून लहान आतड्याचा कण काढून बघतात. गंमत अशी, की या दोन्ही तपासण्या गहू खात असतानाच कराव्या लागतात. आधीच सोडून बसलात तर निकाल फसवा येऊ शकतो. म्हणून घाईघाईने गहू सोडा. मग तुम्हाला सीलिॲक आहे की नाही हे कोणालाच धड सांगता येणार नाही, आणि ‘मला ना, ग्लूटेनची जरा ॲलर्जी आहे’ असं जन्मभर म्हणायला तुम्ही मोकळे. (ती ॲलर्जी नव्हे. गव्हातलं प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, असा तो आजार आहे. पण ‘जरा ॲलर्जी’ कसं तोंडात छान बसतं.)

मग फोनवर आहाराच्या नोंदीचं एक ॲप घ्या. फुकटचं नको, वर्षाचे पैसे भरायचं घ्या, म्हणजे सगळ्यांना सांगता येतं. ॲप विचारेल, आमटी किती वाट्या? इथे डोकं चालवायचं. आपल्या घरात आमटीची वाटी वेगळी, श्रीखंडाची वेगळी, आणि रुखवतात आलेली ती चांदीची, जिच्यात धड चार बेदाणे मावत नाहीत, ती आणखी वेगळी. नोंद करताना चांदीची वाटी डोळ्यांसमोर आणा, वाढून घेताना आमटीची. महिन्याभरात ॲप तुमचं कौतुक करायला लागेल. आकडा मात्र काटेकोर ठेवा. ‘सुमारे साडेतीनशे’ असं गावंढळ लिहू नका, ‘३४७’ लिहा. एका ग्रॅम पिष्टाला चार कॅलरी, प्रथिनाला चार, स्निग्धाला नऊ, हा हिशेब अमेरिकेतल्या ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवून दिला, आणि तो सरासरीचा आहे. असू दे. तुमच्या ॲपला तुमच्या कढईतली आमटी त्यांच्यापेक्षा जास्त कळते.

तूप वजनकाट्यावर ठेवू नका, काटा तेलकट होतो.

पोळी बंद केलीत, आता भाकरी. शंभर ग्रॅम कणकेत साधारण ३४० कॅलरी असतात, ज्वारीच्या पिठातही जवळपास तेवढ्याच, आणि बाजरीत किंचित जास्तच. पण भाकरी पौष्टिक असते, आणि पौष्टिक गोष्टींच्या कॅलरी धरायच्या नसतात, असा जाऊबाईंचा सिद्धान्त आहे. त्यामुळे तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवा, शेंगदाण्याची चटणी घ्या, वर कच्चं तेल सोडा. डायरीत लिहा, ‘भाकरी १’. एकादशी आली तर सोन्याहून पिवळं. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, सगळं निसर्गतःच ग्लूटेनमुक्त! साबुदाण्याच्या शंभर ग्रॅमला ३५० कॅलरी आणि दाण्याच्या कुटाच्या साडेपाचशेच्या वर, हा हिशेब उपासाच्या दिवशी करू नये, पाप लागतं. आमच्या सासूबाईंनी जन्मभर दर एकादशीला आणि चतुर्थीला ग्लूटेन सोडलं. कंबर तिथल्या तिथे.

भाकरीचा कंटाळा आला तर दुकानात ग्लूटेन-फ्री बिस्किटं मिळतात. नेहमीच्या पुड्याच्या चौपट दाम आणि निम्मी बिस्किटं. पुड्याची पुढची बाजू वाचायची, तिथे हिरवं पान काढलेलं असतं. मागची वाचायची नाही, तिथे मक्याचा स्टार्च, साखर, पामतेल आणि पुन्हा साखर असते.

डायरीत ‘मूड’ नावाचा रकाना असतो. तिथे हसरा चेहरा टाका.

आता जरा आमच्या घरातल्या डायरीबद्दल. मुलगी सातवीत आहे. सीलिॲक तपासण्या करून निघालेला, रविवारी सुट्टी न घेणारा. तिच्यासाठीही आहाराची नोंद ठेवायला सांगितली आहे. साधी दोनशे पानी वही, किराणा दुकानातली. तिच्यातही कॅलरी मोजतो. फरक एवढाच, की आम्ही त्या पुरेशा पडाव्यात म्हणून मोजतो. आतड्याच्या आतली बारीक लव झिजून सपाट झाली की खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन वाढत नाही, उंची अडकते, हिमोग्लोबिन खाली जातं. अशा मुलीला समारंभात बघून ‘अय्या, किती बारीक! काय डाएट करतेस गं?’ असं विचारायचं. हाही सल्ला लिहून घ्या. तिला फार बरं वाटतं.

आमच्या वहीत असले रकाने आहेत, जे तुमच्या ॲपमध्ये नाहीत. उदाहरणार्थ, हिंग कोणता. तुम्ही ‘वरण, एक वाटी’ लिहून मोकळे व्हा. डबीतला बांधानी हिंग हा निव्वळ हिंग नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. वाचू नका म्हणजे, चुकले. तुम्हाला कशाला हव्यात असल्या भानगडी? मेतकुटात गहू असतो, बऱ्याच घरांतल्या थालीपिठाच्या भाजणीत असतो, सोया सॉसमध्ये असतो, कुरडई तर अख्खी गव्हाचीच. तरी कुरडई तळून समोर धरतात आणि म्हणतात, ‘अगं, ही काही पोळी नाही.’

आणि दळण. दळणावर तुमच्या डायरीत एक ओळही नसणार, म्हणून जरा सविस्तर सांगते. ज्वारी आणायची, माझ्या माहेरची मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर काय बोलायलाच नको, निवडायची आणि गल्लीतल्या गिरणीत द्यायची. गिरणीवाल्याने सकाळपासून गहूच दळलेले असतात. त्याच दगडांतून, त्याच नळीतून, त्याच पांढऱ्या कापडी पिशवीतून तुमची ज्वारी खाली येते. आता नवल बघा. बाजरीवर गहू दळलेला कुठल्याही बाईला चालत नाही. ‘गव्हावर गहूच टाका हो, पोळ्या काळ्या पडतात,’ म्हणून प्रत्येक जण गिरणीवाल्याला दम देते, आणि तोही ते बिनबोभाट ऐकतो. पोळीचा रंग हा गंभीर विषय आहे! पण मी म्हटलं, ‘दादा, ज्वारीवर ज्वारीच दळा, आधी दगड झाडून घ्या, मुलीला गहू चालत नाही,’ की तो हसतो. ‘अहो ताई, चिमूटभर गव्हाने भाकरी उलट मऊच होते.’ मागे रांगेत उभी असलेली बाई माझ्याकडे ‘आली मोठी डाएटवाली’ अशा नजरेने बघते. तिचा तरी काय दोष? तिच्या ओळखीत ग्लूटेन-फ्री असणाऱ्या सगळ्या जणी महिन्याभराने पुन्हा पावभाजीच्या गाडीवर दिसलेल्या असतात. शेवटी आम्ही घरघंटी घेतली. तिच्यात गव्हाचा एक दाणाही पडलेला नाही. शेजारणीने ‘आमचे दोन किलो गहू तेवढे दळून दे ना’ म्हटलं, तेव्हा नाही म्हणाले. त्या दिवसापासून जिन्यात दिसले की ती तोंड फिरवते.

चिमूटभर म्हणजे किती, तेही सांगते. एका पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात सीलिॲकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, आणि तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे एका पोळीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला जेमतेम एक. बाहेरच्या खाण्यावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत हवं, असा नियम आपल्याकडेही आहे. या आकड्यांच्या कॅलरी काढा बघू. शून्य येतील. म्हणूनच तुमच्या ॲपला ते कधी दिसत नाहीत.

असो, सल्ले राहिलेत. कार्याला गेलात तर ‘ग्लूटेन-फ्री’ अशी पाटी लावलेलं टेबल शोधा आणि तिथे फोटो काढा. त्या वास्तुशांतीला असं टेबल होतं, मला कोण आनंद झाला! मागे एक बाई भाकऱ्या थापत होत्या. मी सहज विचारलं, पीठ कुठलं? त्या बिचाऱ्या खरं बोलल्या. ‘ज्वारीचंच आहे ताई, थोडी कणीक टाकलीय, तुटत नाही मग.’ वर पाटी तशीच, झेंडूच्या माळेसकट. केटररला विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, एवढं कोणी बघत नाही. लोकांना डाएटचं लागतं म्हणून ठेवतो.’

तो खरंच बोलला. एवढं कोणी बघत नाही. कारण त्याच्याकडे येणारे दहातले दहा ग्लूटेन-फ्री लोक भाकरी खाऊन नंतर जिलबीच्या रांगेत उभे राहतात, हे तो रोज बघतो. मग अकरावी आमची पोर आली तर तिच्यावर त्याने का विश्वास ठेवावा?

मी मुलीचा डबा आणायला गाडीपाशी गेले तेवढ्यात जाऊबाईंनी तिच्या हातात गुलाबजामची वाटी दिली. ‘खव्याचा आहे गं, पीठ कुठाय त्यात? मीपण ग्लूटेन-फ्रीच आहे ना, मी खाल्लेत दोन. एकाने काय होतंय!’ पोरीने खाल्ला. ती एरवी मैत्रिणीच्या डब्यातलं बिस्किटसुद्धा घेत नाही. पण काकूला तिच्यासारखंच आहे, काकूने खाल्लंय, म्हणजे चालत असणार, असा तिने सरळ हिशेब केला. गुलाबजामात मैदा असतो हो! खवा वळताना फुटू नये म्हणून घालतात, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं, जाऊबाईंना तर नक्कीच, त्यांचे गुलाबजाम अख्ख्या खानदानात नावाजलेले आहेत. रात्रभर उलट्या, पोट नगाऱ्यासारखं, दुसऱ्या दिवशी घटक चाचणी, ती बुडाली. आणि संध्याकाळी जाऊबाईंचा फोन. ‘अगं, तिला काहीतरी बाधलं असेल बाहेरचं. मला तर काहीच झालं नाही.’

तुम्हाला कसं होईल? तुम्हाला आजारच नाहीये.

आता उपरोध बास. मला झेपत नाही. तुम्हाला गहू सोडायचाय, खुशाल सोडा. वजन उतरलं तर ते ग्लूटेन गेल्यामुळे नव्हे, त्याच्याबरोबर खारी, नानकटाई, वडापाव आणि रात्रीच्या दोन पोळ्या गेल्या म्हणून उतरलं, हेही समजून घेतलंत तर बरं. कॅलरी मोजा, डायरी लिहा, माझी काही हरकत नाही. पण जो आजार तुम्हाला नाही त्याचं नाव लावून फिरू नका. शंभरात साधारण एकाला तो खरोखर असतो, आणि त्याला त्यावर औषध नाही, फक्त पथ्य आहे, रोजचं, मरेपर्यंत. तुम्ही चारचौघांत ‘मी ग्लूटेन-फ्री आहे, पण आज चालतं’ म्हणता ना, ते ‘आज चालतं’ आमच्या पोरांच्या ताटात येऊन पडतं. वाढणारा तुमच्यावरून शिकतो, केटरर तुमच्यावरून शिकतो, शाळेतल्या बाईसुद्धा म्हणतात, ‘माझी बहीणपण करते ते डाएट, वाढदिवसाचा केक खाते ती.’ वजन कमी करताय ना? मग ‘वजन कमी करतेय’ म्हणा. लाज कसली त्यात?

आणि दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडात त्याच्या आईला विचारल्याशिवाय काहीही घालायचं नाही. खव्याचं नाही, प्रसादाचं नाही, ‘एकच घास’ तर नाहीच नाही. आम्ही तुमच्या कार्याला आमचा डबा घेऊन आलो तर त्यात तुमचा अपमान नाही, तुमच्या स्वयंपाकाला नाव ठेवणं नाही. नाक मुरडू नका, आग्रह करू नका, ‘एवढं काय त्यात’ म्हणू नका. डब्यात काय आहे ते बघायचंच असेल तर आधी पुरीचे हात धुऊन या.